फरक ४,४९२ : एका निवडणूक शाखेची वाटचाल

आपल्याकडे वाटचाल लिहितात ती शिक्षण संस्थेची, नागरी बँकेची, फार तर साखर कारखान्याची. रौप्यमहोत्सव आला की स्मरणिका निघते. पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो, शेवटच्या पंचवीस पानांवर जाहिराती. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या निवडणूक शाखेची स्मरणिका मात्र कोणी काढलेली नाही. एक उपजिल्हाधिकारी, एक नायब तहसीलदार, दोन-चार अव्वल कारकून, आणि निवडणूक लागली की त्यांच्या हाताखाली अचानक हजारो शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक. निकाल लागला की पुन्हा तीच चार टेबले. या शाखेला संस्थापक नाही, हितचिंतक नाहीत, आणि दर पाच वर्षांनी निम्मे गाव तिच्यावर रागावलेले असते. कारण तिचे काम एकच : मते गोळा करायची, मोजायची आणि हरलेल्याला सांगायचे की तू हरलास.

मोठ्या फरकाने हरलेल्याला हे सांगणे सोपे. लाख-दीड लाखांनी पडलेला उमेदवार संध्याकाळपर्यंत घरी जाऊन झोपतो. शाखेची परीक्षा होते ती फरक चार आकड्यांवर आला की. आमच्या औरंगाबाद शहराने ती परीक्षा जवळून पाहिली आहे.

सुरुवात लोखंडी पेटीपासून करावी लागेल. १९५२ ला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी पेट्या लागल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा मुंबईच्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने आत जायचे आणि आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा. शिक्का मारायची पद्धत नंतर आली आणि तिच्याबरोबर आला ‘बाद मत’ हा प्रकार. दोन चिन्हांच्या मधोमध उमटलेला शिक्का, घडी चुकल्यामुळे पलीकडे उमटलेली शाई, शिक्क्याऐवजी अंगठा. एकेका मतपत्रिकेवर दोन पक्षांचे प्रतिनिधी हुज्जत घालायचे आणि निवडणूक निर्णय अधिकारी ती दिव्यासमोर धरून पाहायचे.

त्या पेट्यांतून औरंगाबाद मतदारसंघाने नाना तऱ्हेची माणसे दिल्लीला धाडली. १९५७ ला स्वामी रामानंद तीर्थ. आणीबाणीनंतर, १९७७ ला बापू काळदाते. १९८० ला काझी सलीम, म्हणजे चक्क उर्दूतले एक नामवंत कवी. १९८९ ला शिवसेनेचे मोरेश्वर सावे, आणि तिथून पुढे शहराच्या राजकारणाचा रंगच पालटला. १९९९ ला इथे माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले उभे राहिले आणि चंद्रकांत खैरे यांच्याकडून हरले. खैरे त्यानंतर सलग वीस वर्षे खासदार होते.

कागदाचा जमाना शुद्ध होता असे आज काही मंडळी डोळे मिटून सांगतात. त्यांनी मतमोजणीच्या रात्री काढलेल्या जुन्या कारकुनांना विचारावे. गठ्ठे बांधायचे, गठ्ठे मोजायचे, गठ्ठा चुकला की पुन्हा सोडायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळ्यांची बुबुळे दुखायची. उत्तरेकडे तर अख्खे मतदान केंद्र ताब्यात घेऊन तासाभरात सगळ्या मतपत्रिकांवर शिक्के मारून पेटी भरायचा धंदाच चाले. यंत्राची कल्पना आली ती या सगळ्यातून सुटका म्हणून.

१९७७ ला मुख्य निवडणूक आयुक्त शकधर यांनी ती मांडली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने १९७९ ला नमुना केला, बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्सही पुढे आली. आणि १९ मे १९८२ ला केरळातल्या परूर विधानसभा मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्राने पहिले मतदान झाले. यंत्राच्या वादाची सगळी पुढची गोष्ट या पहिल्याच निवडणुकीत बीजरूपाने आहे, म्हणून थोडे थांबतो. भाकपचे शिवन पिल्लै यांनी मतदानाआधीच यंत्राला हरकत घेतली होती. कोर्टाने ऐकले नाही. निवडणूक झाली आणि पिल्लै १२३ मतांनी निवडून आले. आता यंत्राबद्दल तक्रार घेऊन कोर्टात गेले ते काँग्रेसचे हरलेले उमेदवार, ए. सी. जोस. मार्च १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : यंत्र चांगले की वाईट हा प्रश्नच नाही, कायद्यात मतपत्रिका म्हटले आहे आणि यंत्राला कायद्याचा आधार नाही. त्या ५० केंद्रांवर कागदावर फेरमतदान झाले आणि जोस जिंकले.

यंत्रावर आधी शंका घेतली त्याला यंत्राने जिंकवले, आणि तोच पुढे कागदावर पडला. तेव्हापासून आजतागायत शंकेचे हे गाठोडे हरलेल्याच्या खांद्यावरून दुसऱ्या हरलेल्याच्या खांद्यावर जाते आहे. पक्ष कुठलाही असो.

१९८८ च्या डिसेंबरात संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-अ हे कलम घातले आणि यंत्राला कायद्याचे घर मिळाले. तरीही ते दहा वर्षे गोदामात पडून होते. १९९८ ला काही विधानसभांत, १९९९ ला गोव्याच्या अख्ख्या विधानसभेत (संपूर्ण राज्याने यंत्रावर मत देण्याचा पहिला मान आपल्या शेजाऱ्याचा), आणि २००४ ला देशातल्या ५४३ च्या ५४३ लोकसभा मतदारसंघांत. औरंगाबादच्या निवडणूक शाखेत लोखंडी पेट्यांच्या जागी राखाडी ब्रीफकेसीसारखे डबे आले.

यंत्र तसे साधे आहे. एक नियंत्रण युनिट मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर, एक मतदान युनिट पडद्याआड. अधिकाऱ्याने ‘बॅलट’ दाबले की पडद्याआडचे युनिट एकाच मतापुरते जागे होते. मतदाराने निळे बटण दाबले, लाल दिवा लागला, लांबलचक पीप झाली की पुन्हा झोपते. केंद्र ताब्यात घेतले तरी तासाभरात हजार शिक्के मारण्याची सोय उरली नाही. बाद मत संपले, रात्री संपल्या. दुपारपर्यंत निकाल.

पण एक गोष्ट घडली जी त्या वेळी फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. कागदाच्या काळात बऱ्याच ठिकाणी मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळत, म्हणजे कुठल्या वस्तीने कोणाला मत दिले ते कळू नये. यंत्र आले आणि प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसू लागला. आपल्या वॉर्डात किती, आपल्या तांड्यावर किती, हे पारावर बसून बोलता येऊ लागले. हरलेल्याला आता नुसते ‘मी कसा पडलो’ एवढाच प्रश्न पडत नाही. ‘आमच्याच गावात मला एवढीच मते कशी?’ हा प्रश्न पडतो, आणि तो फार बोचरा असतो.

२००९ ला शंका घेणारे प्रामुख्याने भाजपचे होते, हे आज सांगितले तर तरुण मुलांना खोटे वाटते. त्या वर्षी पक्ष हरला, आणि पुढच्याच वर्षी जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी यंत्रांविरुद्ध अख्खे पुस्तक लिहिले. प्रस्तावना लालकृष्ण अडवाणी यांची होती. त्याच २०१० मध्ये हैदराबादचे तंत्रज्ञ हरिप्रसाद यांनी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे गोंगग्रिप यांच्यासोबत एक खरे यंत्र उघडून दाखवले. आकडे दाखवणारी पट्टी बदलली तर यंत्र खोटा निकाल दाखवू शकते, असे त्यांचे प्रात्यक्षिक. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून बाहेर आले होते. चोरीच्या प्रकरणात हरिप्रसाद यांना अटक झाली. प्रात्यक्षिक बरोबर की चूक यावर तज्ज्ञ भांडत राहिले, पण कुलूपबंद गोदामातून यंत्र बाहेर गेले कसे, हा प्रश्न माझ्या मते त्या पट्टीच्या प्रश्नाहून मोठा होता. निवडणूक शाखेचे कामच मुळी कुलपाचे आहे.

हे दोघे परदेशी या भानगडीत का पडले? कारण त्यांच्याकडे हे होऊन गेले होते. २००६ ला अमेरिकेत फ्लोरिडाच्या तेराव्या मतदारसंघात खासदारकीची निवडणूक ३६९ मतांनी सुटली. व्हर्न ब्युकॅनन जिंकले, क्रिस्टीन जेनिंग्ज हरल्या. सॅरासोटा काउंटीत लोकांनी टचस्क्रीनवर मत दिले होते आणि तिथल्या सुमारे १८,००० मतपत्रांवर इतर पदांसाठी मते होती, पण खासदारकीसाठी कोणालाच मत नव्हते. लोकांनी मुद्दाम सोडले, पडद्यावरची मांडणी फसवी होती, की यंत्राने खाल्ले? सांगायला कागदच नव्हता. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने कायदा करून कागदी मतपत्रिकेकडे मोर्चा वळवला. नेदरलँड्सनेही त्याच सुमारास यंत्रे बाजूला ठेवली, आणि २००९ च्या मार्चमध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने सांगितले की सामान्य नागरिकाला तज्ज्ञाच्या मदतीशिवाय मोजणी तपासता आली पाहिजे.

आपल्याकडे उत्तर अस्सल भारतीय निघाले : यंत्रही ठेवा आणि कागदही. ऑक्टोबर २०१३ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कागदी पडताळणी टप्प्याटप्प्याने आणायला सांगितले. नागालँडमधल्या नोकसेनला महिनाभर आधी तिचा पहिला प्रयोग झाला होता. मतदान युनिट आणि नियंत्रण युनिट यांच्यात एक तिसरा डबा आला, व्हीव्हीपॅट. मत दिले की काचेआड एक चिठ्ठी येते : उमेदवाराचा क्रमांक, नाव, चिन्ह. सात सेकंद दिसते आणि कापून खाली पडते. २०१९ च्या लोकसभेला हा डबा देशभर, म्हणजे आमच्याही प्रत्येक केंद्रावर आला.

त्या निवडणुकीत इथले मतदान २३ एप्रिलला आणि मोजणी २३ मे ला. निकालाच्या दीड महिना आधी, ८ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या एकाऐवजी पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडून पाहायला सांगितले होते. औरंगाबाद लोकसभेत सहा क्षेत्रे : कन्नड, मध्य, पश्चिम, पूर्व, गंगापूर, वैजापूर. म्हणजे तीस केंद्रे. आणि याच वर्षी या मतदारसंघाने आपल्या इतिहासातला सर्वांत वादळी निकाल दिला. एमआयएमचे इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२, शिवसेनेचे चंद्रकांत खैरे यांना ३,८४,५५०, अपक्ष हर्षवर्धन जाधव यांच्या ट्रॅक्टरला २,८३,७९८. फरक ४,४९२.

हा आकडा जरा हातात घेऊन पाहू. मतदारसंघात दोन हजारांच्या आसपास मतदान केंद्रे. म्हणजे दर केंद्रामागे दोन-सव्वादोन मतांचा फरक. एका घरातले नवरा-बायको. लग्नाला गेलेले, पुण्याला कंपनीत असलेले, यादीत नाव सापडले नाही म्हणून परत फिरलेले. अशा फरकाच्या रात्री एखादे यंत्र सुरू झाले नाही, एखादा केंद्राध्यक्ष सकाळच्या चाचणीची मते पुसायला विसरला, की निवडणूक शाखेच्या पोटात गोळा येतो. अशी यंत्रे बाजूला ठेवायची आणि फरक त्यांच्यातल्या मतांपेक्षा कमी उरला तरच त्यांचा निकाल लावायचा, असा नियम आहे. एकतर्फी निकालात हा नियम कोणाला आठवत नाही.

आश्चर्य असे की त्या निकालानंतर शहरात यंत्राची चर्चा फारशी झालीच नाही. चर्चा झाली ती ट्रॅक्टरची. खैरे यांच्या माणसांनी मतविभागणीचा, घरभेद्यांचा हिशेब मांडला. पराभवाला माणसाच्या चेहऱ्याचे कारण सापडले की यंत्र निर्दोष सुटते. हे माझे निरीक्षण आहे, सिद्धान्त नव्हे, पण पुढची पाच वर्षे मला ते तपासायला भरपूर मिळाली.

२०२४ ची लोकसभा मराठवाड्यात यंत्राभोवतीच घोटाळत आली. मराठा आरक्षणाच्या आंदोलनातून मार्चमध्ये एक टूम निघाली : गावागावांतून उमेदवार उभे करायचे. एका नियंत्रण युनिटला जास्तीत जास्त २४ मतदान युनिटे जोडता येतात, एकेकावर १६ बटणे, म्हणजे नोटा धरून ३८४. त्याच्या वर गेले की मतपत्रिका छापण्यावाचून गत्यंतर नाही. पारावर बसून लोक हा गुणाकार करत होते. यंत्राची क्षमता इतक्या बारकाईने इतक्या खेड्यांत याआधी कधी चर्चिली गेली नसेल. पुढे आंदोलनाने माघार घेतली. औरंगाबादला रिंगणात ३७ उमेदवार उरले. नोटा धरून अडतीस, म्हणजे प्रत्येक केंद्रावर तीन-तीन मतदान युनिटांची माळ. ती टेबलावर मांडायची तर शाळेतले बाक कमी पडतात, हे ज्यांनी मांडली त्यांनाच ठाऊक.

मतदान होते १३ मे ला. त्याच्या आदल्या आठवड्यात, ७ मे ला, शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात साध्या वेशातले पोलिस बसले होते. विधान परिषदेचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांच्याकडे एका माणसाने प्रस्ताव आणला होता : अडीच कोटी द्या, यंत्रातल्या चिपमध्ये फेरफार करून तुम्हाला हव्या त्या उमेदवाराला मते वळवून देतो. दानवे यांनी पोलिसांना कळवले. आगाऊ एक लाख घेताना तो माणूस पकडला गेला. निघाला सैन्यातला जवान, शेजारच्या जिल्ह्यातला, डोक्यावर कर्ज. यंत्राचे त्याला काहीही ज्ञान नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

या घटनेवर शहर दोन दिवस हसले. मला ती हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. गुप्तधन काढून देणारा मांत्रिक तिथेच पोट भरतो जिथे गुप्तधनावर लोकांचा विश्वास असतो. कर्जबाजारी माणसाला फसवणुकीसाठी शंभर धंदे होते, त्याने यंत्राची चिप निवडली, कारण गिऱ्हाईक मिळेल याची त्याला खात्री होती. निवडणूक शाखेने कितीही कुलपे लावली तरी हे दुकान तिच्या दारात उघडले होते.

४ जूनच्या मोजणीत इथे वाद उरलाच नाही. संदिपान भुमरे ४,७६,१३०, जलील ३,४१,४८०, खैरे २,९३,४५०. वाद गेला मुंबईला. वायव्य मुंबईत यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर रवींद्र वायकर यांच्यापुढे होते अवघ्या एका मताने : ४,५१,०९५ आणि ४,५१,०९४. टपाली मते मिळवली आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. म्हणजे जिथे सगळा देश यंत्राकडे बोट दाखवत होता तिथे निकाल लावला तो पाकिटातून आलेल्या कागदाने. बाद ठरलेल्या १११ टपाली मतपत्रिका पुन्हा तपासाव्या लागल्या. मग एका वर्तमानपत्रात आले की मोबाइलवरच्या ओटीपीने यंत्र उघडते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी सांगितले, यंत्राला ओटीपी नसतो आणि ते कशालाही जोडलेले नसते. वर्तमानपत्राने चूक कबूल केली. चूक एका दिवसात देशभर पोचली होती, कबुली बहुधा अजून वाटेत असेल.

त्याच वर्षी एप्रिलच्या २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली होती, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पैसे भरून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल असा दरवाजा उघडला होता. त्या दरवाजातून महाराष्ट्रात आत शिरणाऱ्यांत होते शेजारच्या नगरचे सुजय विखे पाटील. भाजपचे. त्यांनी ४० केंद्रांसाठी अर्ज केला. दर संचाला जीएसटीसह ४७,२०० रुपये, म्हणजे जवळपास एकोणीस लाखांचा विषय. पुन्हा तेच गाठोडे, नवा खांदा.

मग आली नोव्हेंबरची विधानसभा आणि आमच्या जिल्ह्यात फरकांचा दुष्काळच पडला. सिल्लोडला अब्दुल सत्तार २,४२० मतांनी वाचले. गंगापूरला प्रशांत बंब पाच हजारांनी. आणि औरंगाबाद पूर्वमध्ये अतुल सावे यांनी इम्तियाज जलील यांना २,१६१ मतांनी हरवले, ९३,२७४ विरुद्ध ९१,११३. (अतुल सावे म्हणजे १९८९ चे खासदार मोरेश्वर सावे यांचे चिरंजीव. वडील शिक्क्यावर निवडून आले, मुलगा बटणावर.) सुरुवातीच्या अनेक फेऱ्यांत जलील पुढे होते. मग आघाडी वितळत गेली. अशा वेळी बाहेर उभ्या गर्दीला वाटते, आत काहीतरी झाले. आत होते इतकेच की मोजणी केंद्रांच्या क्रमाने चालते, चौदा-चौदा टेबलांच्या फेऱ्या, आणि शहर काही क्रमांकाप्रमाणे मिसळून वसलेले नाही. एका बाजूच्या वस्त्या आधी येतात, दुसऱ्या बाजूच्या नंतर. ज्याला आपल्या शहराचा नकाशा फेरीनिहाय पाठ आहे त्याला पाचव्या फेरीची आघाडी फसवत नाही. ज्याला नाही, तो टीव्ही फोडतो.

जलील यांनी मतदानात गैरप्रकार झाल्याचे आरोप केले. एकच माणूस, एकदा ४,४९२ ने जिंकला, एकदा २,१६१ ने हरला. दोन्ही फरक एकत्र केले तरी ६,६५३ होतात, आणि त्यातच एका नेत्याचे दिल्लीला जाणे आणि मुंबईला न जाणे बसते.

त्याच दिवशी नांदेडमध्ये आणखी एक कोडे सुटले, किंवा पडले. लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभा एकाच दिवशी, एकाच शाळेत, शेजारी-शेजारी ठेवलेल्या यंत्रांवर. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी जिंकले आणि त्याच लोकसभेतल्या सहाही विधानसभा महायुतीने घेतल्या. यंत्रावर विश्वास असणारे म्हणाले, पाहा, यंत्रात घोळ असता तर लोकसभा सोडली असती का? नसणारे म्हणाले, पाहा, एकच मतदार पाच मिनिटांत दोन मते बदलतो का? मराठवाड्यातला मतदार बदलतो, हे मात्र दोघांनी विचारात घ्यायला हवे होते.

डिसेंबरात माळशिरसच्या मारकडवाडीने गावकीच्या पैशाने मतपत्रिका छापून स्वतःच फेरमतदान घ्यायचे ठरवले. तिथले आमदार उत्तम जानकर जिंकले होते, पण या गावात त्यांना ८४३ आणि विरोधकाला १,००३. गावाला ते पटेना. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ३ डिसेंबरचे ते मतदान झाले नाही. कायद्याने ते होऊ शकतच नव्हते. पण ज्या गावाला आपला आकडा पटत नाही त्याला पोलिस दाखवण्यापेक्षा त्या केंद्राच्या चिठ्ठ्या दाखवल्या असत्या तर काय बिघडले असते, हा प्रश्न मी तेव्हा विचारला होता आणि आजही विचारतो. आयोगाने त्यानंतर सांगितले की राज्यात २८८ क्षेत्रांत पाचप्रमाणे १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्रांशी जुळल्या. मला ते खरे वाटते. मारकडवाडीला त्या १,४४० शी देणेघेणे नव्हते, तिला आपल्या गावच्या हव्या होत्या.

यानंतर शंका यंत्रावरून सरकली. मतदानाच्या दिवशी पाचला ५८.२२ टक्के आणि अंतिम आकडा ६६.०५, हे कसे? मतदार यादीत नावे कोणाची वाढली? २०२५ भर भांडण यादीचे झाले. आणि जानेवारी २०२६ मध्ये जेव्हा आमच्या महापालिकेची निवडणूक तब्बल दहा-अकरा वर्षांनी झाली तेव्हा व्हीव्हीपॅटचा डबाच नव्हता. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, तिथे एका प्रभागात चार-चार मते द्यायची. ११५ जागा, मोजक्या मतांवर सुटणाऱ्या लढती, आणि चिठ्ठी नाही. लोकसभेला दोन हजार केंद्रांवर सात सेकंदांची ती काच पाहून आलेला मतदार वॉर्डात मात्र नुसती पीप ऐकून परतला. इतक्या वर्षांत कोर्टाच्या दारातून एकेक पाऊल टाकत आणलेला कागद असा खालच्या मजल्यावर विसरणे मला बरे वाटले नाही.

बाकी ही सगळी वाटचाल पाहिली तर गंमत वाटते. यंत्र आले ते कागद घालवायला. आज मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचला केंद्रात डोकावून पाहा. पक्षांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांची चाचणी होते, प्रत्येक बटण निदान एकदा. ‘क्लोज’, ‘रिझल्ट’, मग ‘क्लिअर’. चाचणीच्या चिठ्ठ्या बाहेर काढून प्रत्येकीच्या पाठीवर शिक्का, मग काळ्या पाकिटात, पाकीट पेटीत, पेटीवर गुलाबी कागदी सील. नियंत्रण युनिटवर हिरवे सील, त्यावर प्रतिनिधींच्या सह्या. संध्याकाळी १७-सी नमुना : किती मते पडली, कोणत्या क्रमांकाच्या यंत्रात. त्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात. दर भांडणानंतर एक कागद वाढला. मोजणीच्या दिवशी यंत्राचा आकडा आणि तो १७-सी जुळतो का, हे पाहणारा शहाणा प्रतिनिधी शंभर वकिलांच्या तोडीचा असतो. आणि आपले पक्ष नेमके त्या खुर्चीवर चहापाण्यावर खूश होणारे पोर बसवतात. संध्याकाळी सहाला ते पोर प्रत न घेताच सभामंडपाकडे पळते. केंद्राध्यक्ष त्याला हाक मारतात, अहो, सही राहिली.

शहराचे नाव बदलले, जिल्ह्याचे बदलले, पण लोकसभेच्या मतदारसंघाचे नाव आयोगाच्या कागदावर औरंगाबादच आहे. यंत्रांच्या पेट्यांवरही तेच. निवडणूक नसताना त्या गोदामात असतात, दुहेरी कुलपात, कॅमेऱ्याखाली. महिन्यातून एकदा जिल्हाधिकारी बाहेरून पाहणी करतात आणि दर तीन महिन्यांनी गोदाम उघडतात. त्या दिवशी मान्यताप्राप्त पक्षांना पत्र जाते, या आणि पाहा. कुलूप उघडते, अधिकारी आत जातात, बुरशी, वाळवी, गळती पाहतात, पुन्हा सील लावतात. दाराशी टेबलावर एक नोंदवही उघडी असते. पक्षाचे नाव, प्रतिनिधीचे नाव, सही. कारकून पेन टोपण काढून ठेवतो आणि अर्धा तास वाट पाहतो.